राजाचा पलंग चुरगळणारा माणूस

रोज सकाळी साडेसात वाजता चादरकाका राजेसाहेबांचा पलंग आधी नीट घालायचे आणि मग तो बिघडवायचे. राजेसाहेबांना जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली होती. राजवाड्याचं संग्रहालय होऊनही बराच काळ लोटला होता. पण पलंगाला सुट्टी म्हणून नव्हती. सोमवारी संग्रहालय बंद असायचं, तेवढा एक दिवस काय तो राजेसाहेबांनी मनसोक्त लोळून घ्यायचा.

चादरकाकांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं. बाकी तिकीट खिडकीपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना चादरकाकाच म्हणत. काका आधी एका मोठ्या इस्पितळात चादरी-अभ्र्यांच्या खात्यात होते. चादर अशी ताठ घालायचे की रोग्याला कूस बदलायची चोरी व्हावी. सव्वीस वर्षांपूर्वी संग्रहालयाचे तेव्हाचे साहेब पाय मोडून तीन आठवडे तिथे पडून होते. पडल्या पडल्या माणूस दुसरं बघणार काय? त्यांनी काकांचे हात बघितले आणि पाय बरा होताच काकांना उचलून राजवाड्यात आणलं.

या जुन्या साहेबांचं एक खूळ होतं. ते म्हणायचे, लोक इथे येतात, लाकूडसामान बघतात आणि जातात. लाकूडसामान काय, दुकानातही दिसतं. इथे कसं वाटलं पाहिजे, की राजा-राणी आत्ता उठून बागेत गेलेत, पाच मिनिटांत परत येतील आणि तुम्ही त्यांच्या खोलीत रंगेहाथ पकडले जाल. काकांना हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ताठ घातलेल्या चादरीवर कोपर रोवलं. इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी बघितलं असतं तर त्यांना कच्चं खाल्लं असतं.

मग हळूहळू हात सरावला. कोपराने एक खळगा कमरेचा. टॉवेल गुंडाळलेली मूठ उशीत दाबून एक खळगा डोक्याचा. पांघरूण अर्धं बाजूला सारलेलं, उशाशी एक पुस्तक पालथं, त्यावर चष्मा. पलंग चांगला कमरेइतका उंच होता, चढायला दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा ठेवलेला होता, त्याच्या शेजारी सपाता. काम करता करता काका राजेसाहेबांशी बोलायचे, तब्येतीची चौकशी करायचे, घरचं काही बाही सांगायचे. घरी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी राजेसाहेबांची झोप उडालेली दिसायची, चादर पार पिळवटून निघालेली. येणारे लोक हळहळायचे, राज्य चालवायचं म्हणजे डोक्याला काय कमी ताप असतो का.

शेजारच्या खोलीत, राणीसाहेबांच्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर अर्धा विणलेला लोकरीचा मोजा असायचा, त्यात सुया खोचलेल्या. हा मोजा विणायच्या काकू, म्हणजे काकांच्या घरच्या. दर दोन वर्षांनी मोज्याला कसर लागायची आणि काकू नवा अर्धा विणून द्यायच्या. राणीला जरा हात उचलायला सांगा, असं त्या म्हणायच्या, सव्वीस वर्षांत बाईने टाच नाही ओलांडली. घरी मात्र काकांनी स्वतःच्या अंथरुणाची घडी कधी घातली नाही, यावरही काकूंची रोज एक फैर झडायची. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. ऑफिसचं काम मी घरी आणत नाही, असं म्हणून ते चपला घालायचे.

पण खरी गंमत व्हायची ती गाईडबाईंमुळे. गाईडबाई म्हणजे जिभेवर साखर आणि डोक्यात कारखाना. एकदा काकांचा पाय लागून राजेसाहेबांची एक सपात अर्धी पलंगाखाली सरकली. काकांच्या ते लक्षातच आलं नाही. दुपारी बघतात तर गाईडबाई चाळीस माणसांना सांगतायत, सरहद्दीवरून निरोप आला आणि राजेसाहेब इतक्या घाईने उठले की एक सपात पलंगाखाली लाथाडली गेली तरी भान राहिलं नाही, अनवाणीच धावले. चाळीस माणसं त्या सपातेकडे बघून गंभीर झाली होती. त्या दिवसापासून ती सपात रोज बरोबर तेवढीच पलंगाखाली सारायची, हे काम काकांच्या गळ्यात पडलं. सरळ ठेवली तर सरहद्दीचं काय करायचं?

असं करत करत राजा-राणीची सगळी ओळख काकांनी आपल्या हातांनी जमवली होती. राजेसाहेब उजव्या कुशीवर झोपायचे, कारण काकांना उजवं कोपर रोवणं सोपं जायचं. राणीसाहेब संध्याकाळी विणत बसायच्या, कारण काकूंकडे लोकर उरली होती. सुरुवातीला हे आपणच केलंय याची काकांना आठवण असायची. नंतर ती पुसट झाली. पुढे पुढे तर कुणी विचारलं असतं तर काकांनी शपथेवर सांगितलं असतं.

जुने साहेब निवृत्त झाले, मधले दोघं आले तसे गेले, आणि या वर्षी नव्या मॅडम आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि पुढे वाकलं की माणूस सापडलाच. वाईट नव्हत्या हो, कुणाला कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. पण त्यांनी एक भली मोठी यादी काढली. राजवाड्यातली एकेक वस्तू आणि तिच्यापुढे एक रकाना, पुरावा. ही वस्तू इथे होती, अशीच होती, याला आधार काय? असेल तर राहील, नसेल तर कोठीत जाईल.

यादी फिरत फिरत राजेसाहेबांच्या निजायच्या खोलीत पोचली. चष्मा कुणाचा? जुन्या साहेबांच्या सासऱ्यांचा. पुस्तक? रद्दीतलं, विषय मधमाश्या कशा पाळाव्यात. सपात अशी का? काकांनी सरहद्दीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मॅडम पलंगाकडे वळल्या. पलंग अस्सल आहे, म्हणाल्या, पण चुरगळलेला का? काका म्हणाले, राजेसाहेब उठून गेलेत ना. मॅडम हळूच म्हणाल्या, अठ्ठावन्न वर्षांपूर्वी.

ठरलं ते असं. महिनाअखेर पलंगावर एक सपाट आच्छादन आणि भोवती काच. काच बसली की चादर घालणाऱ्याचं काम संपलं. काकांनी मग सामानाच्या खिडकीवर बसायचं, लोकांच्या पिशव्या घ्यायच्या आणि नंबरचा बिल्ला द्यायचा. नोकरी जात नव्हती. काकू म्हणाल्या, बसून काम आहे, गुडघ्यांना बरं. काका त्या रात्री जेवले नाहीत. सव्वीस वर्षं रोज सकाळी त्या मोठ्या खोलीत ते एकटे असायचे, खिडकीतून ऊन आत यायचं आणि त्यांच्या हाताखालून एक राजा नुकताच झोपून उठायचा. पिशव्यांमधून कोण उठणार होतं? आपल्याला याचं एवढं वाईट का वाटतंय, हे त्यांना काकूंना सांगता येईना. सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि काकांना त्या दिवशी कुणी हसलेलं चाललं नसतं.

मॅडमनी एक सवलत ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत कुणी पुरावा आणलाच तर त्या ऐकून घेणार होत्या. काकांनी ध्यास घेतला. जुन्या फोटोंचे गठ्ठे पालथे घातले. राजेसाहेब घोड्यावर, राजेसाहेब बंदूक घेऊन, राजेसाहेब पाहुण्यांच्या घोळक्यात. झोपलेला एकही नाही. एवढा मोठा राजा, दारात फोटोवाला कायमचा, आणि एकदाही डुलकी लागली नाही, याचा काकांना मनापासून राग आला.

आणि एक दिवस तिकीट खिडकीत चहा पिताना पुरावा सापडला. तिथे राजवाड्याची माहितीपुस्तिका विकायला असायची, पातळशी, पिवळ्या कव्हराची, एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेली. सव्वीस वर्षांत काकांनी ती उघडून बघितली नव्हती. आपल्याच घराची माहिती कोण वाचतं? पान चौदा. ‘राजेसाहेब नेहमी उजव्या कुशीवर झोपत. निजण्यापूर्वी त्यांना वाचनाची आवड होती. राणीसाहेब सायंकाळी खिडकीपाशी बसून गरिबांसाठी मोजे विणत.’ छापलेलं, आणि पाचवी आवृत्ती. म्हणजे आपण इतकी वर्षं बरोबरच करत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हाताला आपोआप कळलं होतं.

हा आनंद साधारण अर्धा कप टिकला. मग त्यांना मास्तर आठवले. वीस एक वर्षांपूर्वी याच खिडकीशी, याच बाकावर बसून मास्तरांनी विचारलं होतं, काय हो, राजेसाहेब कुठल्या कुशीवर झोपायचे? आणि काकांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं होतं, उजव्या. मोज्याचंही त्यांनीच सांगितलं होतं. ‘गरिबांसाठी’ तेवढं मास्तरांनी पदरचं घातलं होतं.

काका दोन दिवस पुस्तिका खिशात घेऊन फिरले. शेवटी काकूंना दाखवली. काकूंनी पान चौदा दोनदा वाचलं, आपला मोजा छापून आलाय म्हणून जरा खूषही झाल्या, आणि म्हणाल्या, "छापलंय ना? मग झालं तर. तुम्ही कुठे लिहिलंय?" काकांना तेवढंच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तिका मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि मूग गिळून उभे राहिले. मॅडमनी पान वाचलं, पेन्सिलीने खाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच काकांकडे बघून हसल्या. छान, म्हणाल्या, एक आधार मिळाला, आता दुसरा मिळाला की झालं. राणीसाहेबांच्या खास नोकरीतल्या एक बाई अजून हयात आहेत. एक्याण्णव वर्षांच्या आहेत, बस डेपोच्या मागे भाचीकडे राहतात. त्यांना गुरुवारी बोलावलंय.

गुरुवारपर्यंत काका रोज पलंग दोनदा घालत आणि दोनदा चुरगळत राहिले.

गुरुवारी दहाच्या सुमाराला आजी आल्या. मूठभर जीव, हातात काठी, पण डोळे कसे, समोरच्याला आरपार बघणारे. बरोबर भाची होती. ती भेटेल त्याला आधीच सांगत होती की आत्याला हल्ली नीट आठवत नाही, काही उलटसुलट बोलली तर मनावर घेऊ नका. आजी मुख्य दरवाजातून आत यायलाच तयार होईनात. एकोणीस वर्षं राहिले इथे, म्हणाल्या, या दारातून एकदाही आले नाही, आता म्हातारपणी काय नखरे करायचे? शेवटी सगळी वरात मागून, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली. असं एक दार आहे, हे गाईडबाईंना त्या दिवशी कळलं.

जाता जाता आजींनी राजवाड्याची बिनपाण्याने केली. ते मोठं घड्याळ कधी चाललंच नाही, राजेसाहेब येतील ती वेळ खरी. ही नक्षीची खुर्ची पाहुण्यांसाठी, मुद्दाम टोचणारी, म्हणजे लवकर उठतात. त्या तैलचित्रातल्या पोटावरून चित्रकाराशी महिनाभर वाद चालला होता, शेवटी राजेसाहेबांनी चित्रात टेबल पुढे आणून ठेवायला लावलं. गाईडबाई भराभर लिहून घेत होत्या. आजवरचं सगळं चुकलं याचं दुःख करायला त्यांना सवड नव्हती, पुढच्या वीस वर्षांचा माल मिळत होता.

राणीसाहेबांच्या खोलीत आजींनी तो मोजा दोन बोटांनी उचलला आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, राणीसाहेबांचा, त्या विणायच्या ना? आजी हसल्या त्या पार खोकला येईपर्यंत. राणीसाहेबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. संध्याकाळी त्या खिडकीशी बसायच्या हे खरं, पण ते वरून माळ्याशी भांडायला. काका हळूच एका खांबाच्या आड झाले.

मग राजेसाहेबांची खोली. त्या दिवशी काकांनी पलंगावर जीव ओतला होता. खळगे माप घेऊन पाडलेले, सपात जागच्या जागी. आजी दारातच थांबल्या आणि बराच वेळ पलंगाकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "इथे कोण झोपलंय?"

मॅडमनी सांगितलं की राजेसाहेब जसे झोपायचे तसं दाखवलं आहे.

"राजेसाहेब या पलंगावर एक दिवस झोपले नाहीत," आजी म्हणाल्या आणि लगेच त्यांनी ओठ मिटून घेतले. मग कुठे झोपायचे, मॅडमनी विचारलं. आजी गप्प. तुम्हाला कसं ठाऊक? तरी गप्प. बोलून चुकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. भाचीने मॅडमना डोळ्यांनी खुणावलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? आत्या राणीसाहेबांचे केस विंचरायची, राजेसाहेबांच्या पलंगाशी तिचा काय संबंध? मॅडमनी पिवळी पुस्तिका काढली आणि लहान मुलाला समजावतात तशा मऊ आवाजात आजींना पान चौदा वाचून दाखवलं. छापलेलं आहे आजी, म्हणाल्या, पाचवी आवृत्ती आहे, वय झालं की होतं असं. आणि पेन उघडून त्या यादीत लिहायला लागल्या.

आता काकांची अवस्था बघा. काकांचा पुरावा जिंकत होता. आणखी दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं की काम फत्ते. काच नाही, पिशव्या नाहीत, उद्या सकाळी साडेसातला ही खोली पुन्हा आपली. मॅडमचं पेन चालत होतं. आणि आत्ताआत्तापर्यंत अख्ख्या राजवाड्याला नावं ठेवणाऱ्या आजी काठीवर दोन्ही हात टेकून जमिनीकडे बघत होत्या. इतका वेळ त्यांचं वय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आता ते एकदम दिसायला लागलं. त्या जिथे राहिल्या त्याच घरात त्यांना खुळ्यात काढलं होतं, आणि तेही काकांनी बिस्किट बुडवता बुडवता मारलेल्या एका थापेच्या जोरावर. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मॅडम, पान चौदा माझं आहे," ते म्हणाले.

मॅडमना काही उमगेना. मग काकांनी सगळं सांगून टाकलं. मास्तर, बाकडं, बिस्किट, उजवं कोपर, काकूंची उरलेली लोकर. हातासरशी सरहद्दीचंही सांगितलं, त्याबरोबर गाईडबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. राजेसाहेब कसे झोपायचे ते मला काडीचंही माहीत नाही, काका म्हणाले, मी सव्वीस वर्षं रोज सकाळी हा पलंग चुरगळतो, मला एवढंच येतं. आजी म्हणतात ते खरं असणार. माझं नाव पिशव्यांकडे लावून टाका.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात आजींनी काठीच्या टोकाने काकांच्या बुटाला ढोसलं. "काय म्हणालास तू? रोज सकाळी काय करतोस?"

"पलंग चुरगळतो."

"आधी नीट घालून?"

"हो. आधी नीट घालून."

आजी त्या दोन पायऱ्यांच्या ठोकळ्यावर मटकन बसल्या. भाची पाणी आणायला निघाली तर तिला हातानेच थांबवलं. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं होतं आणि आधी कशाला वाट द्यावी ते ठरत नव्हतं. "अरे बाबा," त्या म्हणाल्या, "ते माझं काम होतं."

मग अठ्ठावन्न वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं. तू खरं बोललास, आता मी कशाला लपवू, असं म्हणून आजींनी सुरुवात केली. चौकात राजेसाहेबांचा घोड्यावरचा पुतळा आहे, घोड्याचे पुढचे पाय हवेत, त्यात काही खोटं नाही. घोड्यावर माणूस वाघ होता. पण लहानपणी राजेसाहेब झोपेत अशाच एका उंच पलंगावरून खाली पडले आणि हात मोडला. तेव्हापासून उंचावर त्यांचा डोळा म्हणून लागायचा नाही. घोड्यावर माणूस जागा असतो, आजी म्हणाल्या, झोपेत लगाम कुणी धरायचा? तेव्हा राजेसाहेब शेजारच्या कपड्यांच्या खोलीत, मोठ्या कपाटामागे, जमिनीवर गादी टाकून झोपायचे. हे बाहेर फुटलं असतं तर दरबारात कुजबुज झाली असती आणि शेजारचे राजे हसून हसून लोळले असते. ठाऊक होतं ते तिघांनाच, राजेसाहेबांना, राणीसाहेबांना आणि चौदा वर्षांच्या एका नव्या पोरीला, जिला केस विंचरायला म्हणून ठेवून घेतलं होतं. सकाळी साडेपाचला ती कपाटामागची गादी गुंडाळून कपाटात कोंबायची आणि सहाला चहा घेऊन नोकर यायच्या आत राजेसाहेबांना या पलंगावर झोपवून उठवायची. अशी एकोणीस वर्षं. कुणाला सांगणार नाही, असा राणीसाहेबांना शब्द दिला होता.

भाचीने आ वासला होता. मग केस कधी विंचरायचीस, असं तिने विचारलं. राणीसाहेबांना केस होतेच किती, आजी म्हणाल्या.

मॅडम मात्र मॅडमच. त्यांनी विचारलंच, याला काही आधार? आजींनी नाक मुरडलं. गादी उचला आणि पायथ्याकडून तिसरी फळी बघा, म्हणाल्या. काकांनी आणि गाईडबाईंनी मिळून गादी उचलली. तिसरी फळी मधोमध चिरली होती आणि तिच्यावर पितळेची पट्टी ठोकून बसवली होती. रोज एकाच जागी गुडघा देऊन देऊन फळी गेली होती. सुताराला सांगितलं होतं, राजेसाहेब कूस फार जोरात बदलतात. सुतार पुढे कितीतरी दिवस ते कौतुकाने गावभर सांगत फिरत होता.

"गुडघा?" काकांनी विचारलं.

त्यानंतरची दहा मिनिटं त्या खोलीत खरी दोनच माणसं होती, बाकीचे नुसते उभे होते. कोपराने खड्डा पडतो, आजी म्हणाल्या, माणूस काय खड्ड्यात झोपतो? गुडघा द्यायचा आणि तसाच पुढे सरकवायचा, म्हणजे कमरेकडून पायाकडे उतार पडतो. उशी समोरून दाबायची नाही, मागून ठोकायची आणि मग पुढून हात फिरवायचा. शेवटी कंगव्यातले दोन केस उशीवर टाकायचे. दोनच. जास्त टाकले की डॉक्टर येतो. काकांनी कपाळाला हात लावला. केस! सव्वीस वर्षांत हे कसं सुचलं नाही? मग त्यांनी भीत भीत विचारलं, उन्हाळ्यात पांघरूण कसं? लाथाडलेलं, पायाशी. आणि आजारी असले की? मग दोन्ही कुशी दाखवायच्या आणि उशी उलटी टाकायची. काका एकेक ऐकत होते आणि मान डोलवत होते. त्यांच्या कामाविषयी त्यांच्याशी असं जन्मात कुणी बोललं नव्हतं.

मॅडमनी यादी पुढे ओढली तशी आजींनी काठी आडवी घातली. हे मी याच्यासाठी सांगितलंय, म्हणाल्या, पाटीवर लावायला नाही. राणीसाहेब गेल्या म्हणून माझा शब्द गेला नाही. पुरावा हातात आहे आणि लिहायचा मात्र नाही, असा पेच मॅडमना आयुष्यात पहिल्यांदा पडला. खूप वेळ विचार करून त्यांनी पाटीचा मजकूर ठरवला आणि वाचून दाखवला. ‘राजेसाहेबांचा पलंग. राजवाड्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी तयार केला जातो.’ यातलं एक अक्षर खोटं नव्हतं आणि आजींचा शब्दही मोडत नव्हता. काच रद्द झाली. मोजा, चष्मा आणि मधमाश्या कोठीत गेल्या, सपाता जोडीने सरळ लागल्या. काकांच्या नावापुढे लिहिलेलं ‘सामान खिडकी’ मॅडमनी स्वतःच्या हाताने खोडलं. गाईडबाईंना त्यांनी तोंड न उघडण्याची शपथ घातली, आणि ती पाळताना त्यांचे काय हाल झाले ते त्यांनाच माहीत. तुमच्या कानावर हे कसं आलं, ते मात्र विचारू नका.

निघायच्या वेळी आजींनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि काकांना थांबवून घेतलं. किती वर्षं म्हणालास? सव्वीस. माझी एकोणीस, म्हणजे नोकरीत तू मला सात वर्षांनी थोरला, असं म्हणून त्या खुसखुसल्या. इथून गेल्यावर लग्न केलं, म्हणाल्या, चाळीस वर्षं संसार झाला, माणूस चांगला होता. चारचौघांत कौतुकाने सांगायचा, माझी बायको राणीचे केस विंचरायची. आणि त्या आपल्या हो म्हणायच्या.

"मी काय काम करायची, ते त्याला कधी कळलंच नाही रे," आजी म्हणाल्या. "फार चांगलं करायची मी. पण चांगलं झालं की ते कुणाला दिसायचंच नाही."

उत्तर द्यायच्या ऐवजी काकांनी चादर ओढून काढली, नवी झटकून पसरली, चारही कोपरे ताणून खोचले. एक सुरकुती म्हणून ठेवली नाही. मग आजींच्या हातातली काठी घेऊन बाजूला ठेवली आणि त्यांना दोन्ही दंडांना धरून सावकाश दोन पायऱ्या चढवलं.

आजींनी गुडघा टेकवला, दाबला आणि पुढे सरकवला. एकदाच. हात उशीच्या मागे गेला, मग पुढून फिरला. पांघरुणाचं एक टोक त्यांनी न बघता मागे टाकलं. मग स्वतःच्या डोक्यातले दोन पांढरे केस ओढून उशीवर ठेवले आणि काकांच्या खांद्याचा आधार घेत खाली उतरल्या. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. काका दोन पावलं मागे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पलंगावर कुणीतरी खरोखर झोपून उठलं होतं, आणि अजून बागेतसुद्धा पोचलं नसेल.

आजी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"फार सुरेख झालंय, आजी," काका म्हणाले आणि त्यांनी चादरीच्या टोकाला हात घातला. "मी पुन्हा ताठ घालतो. तुम्ही पुन्हा एकदा करा. मला बघायचंय."